‘आय पास्ड आउट इन 2019’ असं परदेशी कंपनीच्या अर्जात लिहिलेलं चालतं का?

अर्ज इथल्याच कंपनीला जाणार असेल तर खुशाल लिहा, कोणी नाक मुरडणार नाही. पुण्यातल्या नोकरीच्या जाहिरातींतसुद्धा ‘पासआउट्स’ सर्रास असतात. पण लंडन-न्यूयॉर्कला पाठवणार असाल तर ते वाक्य काढाच. तिकडे ‘पास आउट’ म्हटलं की आधी डोळ्यांसमोर येतं ते चक्कर येऊन पडणं.

त्यात आपण ‘फ्रॉम’ जोडून आणखी घोळ घालतो. ‘शी पास्ड आउट फ्रॉम द हीट’ म्हणजे ती उन्हाने बेशुद्ध पडली. ‘फ्रॉम’च्या पुढे बेशुद्ध पडण्याचं कारण येतं. आता ‘आय पास्ड आउट फ्रॉम इंजिनिअरिंग कॉलेज’ हे तिकडच्या माणसाला कसं ऐकू येईल बघा! (सबमिशनच्या रात्री आठवल्या तर तेही अगदीच खोटं नाही म्हणा.)

आपला अर्थ तसा बिनबुडाचा नाही. ब्रिटिश लष्करी इंग्रजीत प्रशिक्षण पुरं करून बाहेर पडण्याला ‘पास आउट’च म्हणतात. खडकवासल्याला एनडीएच्या खेत्रपाल परेड ग्राउंडवर होते ती पासिंग आउट परेड त्यातलीच. तिथल्या कॅडेटने हे क्रियापद वापरलं तर ते चोख बरोबर. आपण ते बी.कॉम.लाही लावलं, एवढंच.

तुम्ही ‘आय ग्रॅज्युएटेड फ्रॉम फर्ग्युसन कॉलेज इन 2019’ असं लिहा. इथे मात्र ‘फ्रॉम’ हवाच. अमेरिकेत बोलताना तो गाळतात, अर्जात गाळू नका. बारावीबद्दल असेल तर ‘आय फिनिश्ड स्कूल’ बरं, कारण ब्रिटनमध्ये ‘ग्रॅज्युएट’ सहसा पदवीसाठीच वापरतात. खरं तर रेझ्युमेत क्रियापदाची गरजच नसते: पदवी, कॉलेज, वर्ष, संपलं. लिहिताना आपण सावध असतोही. पंचाईत होते ती इंटरव्ह्यूत, ‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ म्हटल्यावर. तेव्हा सवयीने ‘पास्ड आउट’च तोंडातून निघतं. म्हणून ते एक वाक्य आधी मोठ्याने घोकून ठेवा.

आणि नोकरी अमेरिकेत लागलीच, तर मीटिंगमध्ये कोणी ‘कॅन यू पास दीज आउट?’ म्हणून कागदांचा गठ्ठा पुढे केला की बिचकू नका. ते फक्त वाटायचे असतात. ‘देम’ वापरायचं झालं तर ते मधेच बसतं: ‘पास देम आउट’. ‘पास आउट देम’ कोणी म्हणत नाही.