केसी-४६ टँकरला इतका उशीर का झाला?

आपला प्रश्न असा आहे की, बोइंग ७६७ हे विमान १९८२ पासून प्रवासी सेवेत आहे, त्याचाच सांगाडा घेऊन केसी-४६ पेगासस हे टँकर, म्हणजे हवेतच दुसऱ्या विमानांना इंधन देणारे विमान तयार करायचे होते, तर अमेरिकी हवाई दलाला ते वेळेवर का मिळाले नाही आणि दोष नेमका कोणाचा. लष्करी विमानांच्या खरेदीचा विषय मी बरीच वर्षे आवडीने वाचत आलो आहे, त्या आधारावर उत्तर देतो. माझ्या मते सगळी गोम 'तयार विमान' या समजुतीतच आहे.

उशिराचा पहिला टप्पा कारखान्याबाहेरचा आहे. बोइंगकडून शंभर ७६७ टँकर भाड्याने घेण्याची योजना २००१ च्या सुमारास पुढे आली. ज्या अधिकारी बाई हवाई दलाच्या बाजूने हा व्यवहार पाहत होत्या, त्या डार्लीन ड्रूयन यांनी त्याच काळात बोइंगमध्ये नोकरीची बोलणी केल्याचे उघड झाले. त्यांना नऊ महिन्यांची कैद झाली आणि व्यवहार बारगळला. २००८ मध्ये नॉर्थ्रॉप ग्रुमन आणि युरोपीय कंपनी ईएडीएस यांचे एअरबसवर आधारलेले टँकर निवडले गेले. बोइंगने हरकत घेतली, लेखापरीक्षण यंत्रणेने ती मान्य केली आणि स्पर्धा पुन्हा मांडावी लागली. अखेर २४ फेब्रुवारी २०११ रोजी कंत्राट बोइंगला मिळाले. म्हणजे विमानाचा आराखडा सुरू होण्याआधीच दहा वर्षे खर्ची पडली होती.

कंत्राट एकूण १७९ विमानांचे होते आणि पहिली १८ विमाने ऑगस्ट २०१७ पर्यंत द्यायची होती. विकासाच्या खर्चाला ४.९ अब्ज डॉलरची कमाल मर्यादा होती, त्यावरचा भार कंपनीने सोसायचा होता. बोइंगने हे धाडस का केले असावे, हे समजण्याजोगे आहे, कारण विमान आपलेच आहे, त्यात टाक्या, नळ्या आणि वायरी घातल्या की झाले, असा हिशेब त्यामागे दिसतो. मात्र इटलीने २००२ मध्ये याच ७६७ वर आधारलेली चार टँकर विमाने मागवली होती आणि त्यांपैकी पहिले विमान इटलीच्या हाती पडायला २०११ चा जानेवारी उजाडला होता. हा अनुभव ताजा असतानाही नव्या वेळापत्रकात तो कुठे उतरलेला दिसत नाही.

शिवाय हे विमान तसे तयार नव्हतेच. ज्या ७६७-२सी वर केसी-४६ उभे आहे, त्याची लांबी ७६७-२०० ची, पंख आणि मालाचा दरवाजा मालवाहू ७६७-३०० चा, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) ७६७-४०० चे आणि वैमानिकासमोरचे पडदे ७८७ च्या धर्तीचे आहेत. प्रत्येक भाग वेगवेगळा सिद्ध झालेला असला, तरी त्यांची ही जुळणी नवी होती. लष्करी विमानात महत्त्वाच्या यंत्रणांच्या वायरी दुहेरी असतात आणि एकाच ठिकाणच्या माऱ्यात दोन्ही तुटू नयेत म्हणून त्यांच्यात ठरावीक अंतर राखावे लागते. २०१४ मध्ये असे आढळले की अनेक ठिकाणी हे अंतर पुरेसे नाही. वायरिंगची फेररचना करावी लागली आणि बोइंगने त्या तिमाहीत ४२.५ कोटी डॉलरचा तोटा दाखवला. पुढच्या वर्षी इंधन प्रणालीतील दोषांपायी आणखी ८३.५ कोटी गेले. त्याच उन्हाळ्यात चाचणीसाठी इंधनाऐवजी वापरायच्या द्रवावर चुकीचे लेबल लागून आले आणि तो तसाच यंत्रणेत भरला गेल्याने भाग गंजले, हे मात्र आराखड्याचे नव्हे, निव्वळ हलगर्जीपणाचे उदाहरण आहे. पूर्ण सज्ज टँकरचे पहिले उड्डाण २५ सप्टेंबर २०१५ रोजी झाले.

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. हवेत इंधन देण्याच्या दोन पद्धती आहेत. एका पद्धतीत टँकर आपल्या मागे लवचिक नळी आणि तिच्या टोकाची टोपली सोडतो आणि लढाऊ विमानाचा वैमानिक आपल्या विमानाची नळी त्या टोपलीत घालतो. आपली सुखोई-३० आणि राफेल विमाने आग्र्याच्या इल्युशिन-७८ टँकरकडून असेच इंधन घेतात. अमेरिकी हवाई दलाची मुख्य पद्धत वेगळी आहे. तेथे टँकरच्या शेपटीखाली 'बूम' नावाची ताठ नळी असते आणि ती टँकरमधला बूम ऑपरेटर स्वतः नेम धरून दुसऱ्या विमानाच्या पाठीवरील तोंडात बसवतो. जुन्या केसी-१३५ टँकरमध्ये हा माणूस शेपटीखालच्या खिडकीशी पालथा झोपून सगळे प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहतो. केसी-४६ मध्ये त्याला कॉकपिटच्या मागे खुर्ची दिली गेली, आणि खिडकीची जागा शेपटीकडचे कॅमेरे, समोरचा पडदा आणि त्रिमिती चष्मा यांनी घेतली.

कागदावर ही सुधारणाच होती. प्रत्यक्षात सूर्य ठरावीक कोनात असला की पडद्यावर चकाकी येई किंवा गडद सावली पडे, आणि त्रिमिती चित्रात खोलीचा अंदाज चुके. रबराच्या तुकड्यावर काढलेले चित्र रबर ताणल्यावर जसे वाकडे होते, तशी ही विकृती असल्याचे वर्णन केले गेले. नेम काही इंच चुकला की बूम दुसऱ्या विमानाच्या पाठीवर घासते आणि ऑपरेटरला त्याचा पत्ताही लागत नाही. साध्या मालवाहू विमानावर ओरखडा उठला तर निभावते. एफ-२२ किंवा एफ-३५ या लढाऊ विमानांची रडारपासून लपण्याची क्षमता मात्र बऱ्याच अंशी त्यांच्या पृष्ठभागावरील खास लेपावर अवलंबून असते. हवाई दलाने हा दोष सर्वांत गंभीर वर्गात टाकला.

दोष ठाऊक असूनही हवाई दलाने जानेवारी २०१९ मध्ये पहिले विमान ताब्यात घेतले. ठरले असे की दुरुस्ती बोइंगने स्वखर्चाने करायची आणि तोवर प्रत्येक विमानामागे २.८ कोटी डॉलरपर्यंत रक्कम रोखून ठेवता येईल. हा समझोता मला पटत नाही, कारण विमान एकदा तळावर येऊन उभे राहिले की घाई कोणालाच उरत नाही. त्यातच नव्या विमानांत विसरलेली अवजारे आणि कचरा सापडल्याने त्याच वर्षी स्वीकृती दोनदा थांबवावी लागली आणि पुढे माल बांधून ठेवणारी कुलपे उड्डाणात आपोआप उघडत असल्याचेही दिसले. एप्रिल २०२० मध्ये पूर्णतः नव्या कॅमेरा प्रणालीवर एकमत झाले. तिच्यासाठी प्रथम २०२३ चा वायदा होता, तो सरकत आता २०२७ वर गेला आहे.

दोषाचे सगळे माप बोइंगच्या पदरात टाकणेही न्याय्य नाही. बूम इतकी ताठ निघाली की ए-१० सारख्या कमी ताकदीच्या विमानाला तिला रेटत जागेवर राहणे जमेना. इथे कंपनीने हवाई दलाने मान्य केलेल्या निकषाप्रमाणेच बूम बनवली होती. निकषच चुकला होता, म्हणून ती बदलण्याचा खर्च हवाई दलाने उचलला. कॅमेऱ्यांबाबतही नेमके किती आणि कोणत्या प्रकाशात दिसले पाहिजे, हे मोजता येईल अशा शब्दांत सुरुवातीलाच लिहून घेतले असते, तर पुढचा बराच वाद टळला असता. हवाई दलाने मोघम मागितले आणि बोइंगने अतिआत्मविश्वासाने होकार दिला, असे माझे मत आहे. बोइंगचा तोटा आजवर सात अब्ज डॉलरच्या पुढे गेला आहे, तेव्हा ठराविक किमतीच्या कंत्राटाने सरकारचे पैसे काही अंशी वाचवले हे खरे, पण वेळ त्याने वाचवला नाही.

विमान निरुपयोगी आहे, असा मात्र याचा अर्थ घेऊ नये. सप्टेंबर २०२२ मध्ये काही निर्बंध ठेवून त्याला जगभरच्या मोहिमांसाठी परवानगी मिळाली, जपान ते वापरतो आहे आणि जुलै २०२५ मध्ये हवाई दलाने आणखी ७५ पर्यंत विमाने घेण्याचा मनोदय जाहीर केला. दरम्यान १९६५ मध्ये उत्पादन थांबलेली केसी-१३५ विमाने अजून साडेतीनशेच्या वर सेवेत आहेत, आणि त्यांच्या शेपटीत ऑपरेटर आजही खिडकीशी पालथा झोपूनच नेम धरतो.