नाटक विकू नकोस

‘निर्माते नाटकाचे पैसे एकरकमी देतायत, घेऊ का?’ एवढ्या प्रश्नासाठी तू चार पानं लिहिलीस. उत्तर तुला ठाऊक असावं. घेऊ नकोस.

नाटक विकायचं नसतं, प्रयोगाची परवानगी द्यायची असते. संहिता तुझीच राहते. निर्माता प्रयोग करतो आणि दर प्रयोगामागे तुला मानधन देतो, ठरावीक रक्कम नाहीतर तिकीटविक्रीचे टक्के. टक्के असतील तर ‘एकूण विक्रीवर’ असं लिहून घे. ‘खर्च वजा जाता’ असं दिसलं की सही करू नकोस, कारण खर्चाची वही तुझ्या हातात कधीच नसते. आगाऊ रक्कम जरूर घे. ती पुढच्या मानधनातून वळती होते. नाटक पडलं तर परत मागायची नाही, हेही कागदावर हवं.

हे भांडण फार जुनं आहे. फ्रेंच नाटककार बोमार्शेनं पॅरिसच्या कोमेदी फ्रांसेज या नाटकमंडळीकडे आपल्या नाटकाचा सही केलेला हिशेब मागितला. तिथे उत्पन्न ठरल्यापेक्षा खाली गेलं की लेखकाचा हक्कच संपायचा. 1777 साली त्यानं इतर नाटककारांना एकत्र बसवलं आणि 1791 मध्ये फ्रान्सात कायदा झाला: हयात लेखकाचं नाटक त्याच्या लेखी संमतीशिवाय करायचं नाही. लेखी. पण लेखी कागदाचा अर्थ न विचारता सही करणाऱ्यांत मीही होतो.

माझ्या पहिल्या नाटकाचा कागद तालमीच्या हॉलमध्ये, दिग्दर्शकाच्या फायलीवर ठेवून सही केला. पेन उमटेना, तर मीच ते झटकून चालू केलं. ‘सर्व हक्कांसह’ हे शब्द वाचले होते, अर्थ विचारायची लाज वाटली. नाटक वर्षानुवर्षं चाललं, दोन भाषांत गेलं. एका प्रयोगाला मी तिकीट काढून बसलो. टाळ्या माझ्या वाक्यांना पडत होत्या.

त्यानंतर एकही नाटक विकलं नाही. एका निर्मात्याशी याच मुद्द्यावर फाटलं, नाटक सात वर्षं कपाटात पडून राहिलं. हटवादी म्हणाले. असेन. पण पुढे हौशी संघांनी ते केलं, प्रत्येकाने परवानगी मागितली, दर प्रयोगाचे थोडेथोडे पैसे येत राहिले, अजून येतात. त्या सात वर्षांचं वाईट वाटतं, निर्णयाचं नाही.

‘पहिलंच नाटक, मला कोण विचारतंय’ हे वाक्य मला पुन्हा लिहू नकोस. विचारतायत म्हणून तर कागद आलाय! तो जपून वाच. भाषांतर, पुस्तक, चित्रपट, ध्वनिमुद्रण हे वेगवेगळे हक्क आहेत. रंगमंचाच्या परवानगीबरोबर ते आपोआप जात नाहीत, तू दिलेस तरच जातात. मुदत घाल. अमुक महिन्यांत प्रयोग झाला नाही तर परवानगी रद्द, असंही घाल.

तू पाठवलेल्या मसुद्यातलं चौथं कलम, तेच ‘कायमस्वरूपी’वालं, आज रात्री खोड, त्याजागी ‘तीन वर्षांसाठी, फक्त रंगमंचीय प्रयोगांपुरते’ असं लिही आणि परत पाठव. ते चिडले तर माझा नंबर दे, मी बोलतो.