आधी बाक उलटा करून बघा

प्रश्न : ताई, नमस्कार. पुण्यात सहकारनगरमध्ये आमचं जुनं बैठं घर आहे. मागे वीस बाय पंधरा फुटांची बाग आणि कोपऱ्यात आंबा. मी आणि मिस्टर यंदाच निवृत्त झालो. सकाळचा चहा बागेत घ्यावा ही फार वर्षांची इच्छा. सासूबाई ८२ वर्षांच्या आहेत, त्यांनाही बाहेर आणून बसवायचंय. मला विकरचा सोफासेट आवडलाय, मिस्टरांना पांढरा लोखंडी सेट हवाय आणि मुलगा म्हणतो, घ्यायचं तर सागवानीच. काय घ्यावं?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : आपण सासूबाईंपासून सुरुवात करू. घरातल्या ज्या खुर्चीतून त्यांना कोणाचा हात न धरता उठता येतं, तिची बैठक जमिनीपासून किती उंच आहे ते टेपने मोजा. बहुतेक १८ इंचांच्या आसपास भरेल. विकरच्या सोफ्याची बैठक पुष्कळदा १४-१५ इंचांवर असते, शिवाय वरची गादी दबते. दुखऱ्या गुडघ्यांच्या माणसाला त्यातून उठवायला दोघं लागतात. खुर्चीला हात हवेत आणि ते बैठकीच्या पुढच्या कडेपर्यंत आलेले हवेत, कारण उठताना सगळा भार तिथेच येतो. शिवाय दुकानातलं हे विकर म्हणजे वेत नव्हे. धातूच्या सांगाड्यावर विणलेली ती प्लॅस्टिकची पट्टी असते. हलकी पट्टी आपल्याकडच्या दोन-तीन उन्हाळ्यांत कडक होऊन कडकड तुटते. तुमची आवड मोडवत नाही, पण तुमच्या घरासाठी हा सेट मला योग्य वाटत नाही.

आता जागा. आंब्याखाली बसायची कल्पना गोड आहे, पण मोहोराच्या दिवसांत तुडतुड्यांमुळे चिकट थेंब पडतात, त्यावर काळी बुरशी धरते. पुढे चीक, मग फळं. खुर्च्या झाडाच्या घेराबाहेर दोन-तीन फुटांवर, पूर्वेच्या बाजूला मांडा. कोवळं ऊन मिळेल आणि दुपारनंतर झाडाची सावलीही तिकडेच सरकेल.

मुलाचं सागवान मला मान्य आहे, पण एका अटीवर. ही अट मी अनुभवातून शिकले. माझे वडील, अण्णा, सुतार; भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटजवळ आमचं वर्कशॉप होतं. तरी आईच्या साठीला घाईघाईत एका प्रदर्शनातून मी सागवानी बाक उचलून आणला, खालून न बघता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर तो एका बाजूला कलायला लागला. अण्णांनी काही न बोलता बाक उलटा केला आणि स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पायाच्या तळाला टेकवलं. चहात बुडवलेल्या खारीत जावं तसं ते अर्धा इंच आत गेलं. बैठकीच्या पट्ट्या मात्र अजून ठणठणीत होत्या. आई त्या बाकावर रोज संध्याकाळी निवडण-टिपण करायची. ती पडली असती, हे आजही डोक्यातून जात नाही.

झालं होतं असं. सागाचा आतला गाभा तेलकट असतो, त्याला पाणी आणि वाळवी सहज शिवत नाहीत. बाहेरच्या पांढरट लाकडाला हे संरक्षण नसतं. त्या बाकाचे पाय त्या पांढरट लाकडाचे होते आणि वरून गडद पॉलिश मारलं होतं. त्यात ते पाय थेट मातीत. लाकडाचं कापलेलं टोक म्हणजे नळ्यांची जुडी. खालचं पाणी तिथून वर चढत राहतं. जून ते सप्टेंबर तो पाय कधी वाळतच नाही.

जुने वाडे बांधणारे हे पक्कं ओळखून होते. वाड्यातला लाकडी खांब जमिनीत पुरत नसत, दगडी तळखड्यावर उभा करत. विश्रामबागवाडा बांधून दोनशेहून जास्त वर्षं झाली. दर्शनी बाजूचं लाकूडकाम बघायला सगळे मान वर करतात. तुम्ही गेलात तर खांबांच्या पायथ्याशीही दोन मिनिटं थांबा. तुमच्या खुर्च्यांनाही तळखडा द्या. प्रत्येक पायाखाली फूटभर लांबी-रुंदीची शहाबादी फरशी, मुरूम चोपून त्यावर बसवलेली, मातीच्या पातळीपेक्षा इंचभर वर. काळ्या मातीत पाय रुततात आणि सासूबाईंची खुर्ची डुगडुगते, तेही यात सुटतं. जमलं तर पायाखालीच नाही, बसायच्या सगळ्या जागेवर फरशी घाला. चौघांचं टेबल ठेवणार असाल तर खुर्ची मागे ओढायला चहूबाजूंनी अडीच-तीन फूट मोकळे सोडा.

दुकानात गेलात की बाक उलटा करायला सांगा. कां-कूं केली तर तिथून निघा. पायाच्या तळाला पॉलिश नसतं, तिथे खरा रंग दिसतो. सोनेरी-तपकिरी हवा, पिवळट-पांढऱ्या कडा नकोत. सांधे बघा. एका लाकडाचं तासलेलं टोक दुसऱ्याच्या भोकात ठोकून बसवलेलं असेल तर उत्तम. स्क्रू असतील तर स्टेनलेस स्टीलचे. साधा लोखंडी स्क्रू ओल्या लाकडात गंजतो, भोवती काळा डाग पडतो आणि पकड सुटते. बैठकीच्या पट्ट्यांत पाणी निथळायला करंगळी टेकेल एवढी फट हवी.

नव्या सागवानाची किंमत ऐकून दचकायला होतं. अशा वेळी मी जुनं लाकूड सुचवते. पाडलेल्या वाड्यांच्या तुळया आणि चौकटी टिंबर मार्केटमध्ये आणि बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात निघतात. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड आता पिळ धरत नाही. खिळे मात्र सुताराकडून आधी काढून घ्या.

पॉलिशच्या मागे लागू नका. गाभ्याचं सागवान उघड्यावर दोनेक वर्षांत रुपेरी करडं होतं, त्याने काही बिघडत नाही. जवसाचं तेल लावणार असाल तर फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

मिस्टरांना सांगा, लोखंडाची हौस एका छोट्या टेबलावर भागवा. पांढरं लोखंड दुपारी चटका देतं, पण सकाळच्या चहाला चालेल. पोकळ पाइप आतून गंजतो, म्हणून पायाच्या बुशाला, म्हणजे टोकाच्या टोपणाला, बारीक भोक पाडा. दर मे महिन्यात रंग उडालेली जागा खरवडून रेड ऑक्साइडचा हात आणि त्यावर रंग, एवढं करायची तयारी हवी.

प्रश्न : बावधनमध्ये सातव्या मजल्यावर आमची गच्ची आहे. प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन वर्षांत तडकतात आणि वळवाच्या वाऱ्यात उडतात. गेल्या मे महिन्यात एक कठड्यापर्यंत गेली.
– एक वाचक, बावधन

उत्तर : कठड्यापर्यंत गेलेली खुर्ची पुढच्या वेळी खाली जाईल. खाली मुलं खेळत असतात. यावर उपाय आजच करा, नवी खुर्ची नंतर घ्या. दोन खुर्च्या ठेवा, घडीच्या, आणि उठलात की आत. बाहेर कायम राहील असं काही हवंच असेल तर भिंतीला बोल्टने पक्का बसवलेला फळीचा बाक करून घ्या. वॉटरप्रूफिंगला भोक पाडायचं नाही, म्हणून बोल्ट भिंतीतच, जमिनीत नाही. प्लॅस्टिक तडकतं ते उन्हातल्या अतिनील किरणांनी. खुर्ची दाबल्यावर हाताला पांढरी भुकटी लागली की तिच्यावर जड माणसाला बसवू नका.

प्रश्न : बुरूड आळीतून बांबूच्या दोन खुर्च्या आणल्या. खाली रोज पिठासारखा भुगा पडतो.
– एक वाचक, कसबा पेठ

उत्तर : तो भुंगेरा आहे. बांबूतल्या पिठूळ भागावर त्याच्या अळ्या जगतात. बुरडाचं विणकाम चांगलं असेल, बांबूच न मुरवता वापरला गेलाय. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड कोमट पाण्यात विरघळवून, जुन्या इंजेक्शनच्या सिरिंजने प्रत्येक भोकात सोडा. मुलांना दूर ठेवा, हातमोजे घाला. चार दिवस सावलीत वाळू द्या आणि मग कापलेल्या टोकांना दोन हात व्हार्निश लावा, अंडी घालायला तिथेच जागा मिळते. आठवड्याभराने खाली काळा कागद अंथरून ठेवा. सकाळी त्यावर ताजा भुगा दिसला तर पुन्हा सिरिंज. खुर्चीचा पाय अंगठ्याने दाबल्यावर चेपत असेल तर मात्र ती वाचणार नाही, आणि दुसरी तिच्याजवळ ठेवू नका.