मुलगी ग्रानादात, हिशेबाची वही सांगोल्यात

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात बी.ए.ला आहे, सोबत स्पॅनिश शिकते. कॉलेजच्या विद्यार्थी देवाणघेवाण योजनेतून ती सप्टेंबरपासून वर्षभरासाठी स्पेनमधल्या ग्रानादा विद्यापीठात गेली आहे. पहिल्या सत्राचा निकाल आला : ६.२, ५.४, ७.१ आणि एका विषयात ४.३, म्हणजे नापास. इथे ती कधी ऐंशीच्या खाली आली नव्हती. आमची सांगोला तालुक्यात डाळिंबाची बाग आहे. दोन बहारांचा पैसा यात घातला. रोज रात्री नऊला व्हिडिओ कॉल करून दिवसाचा हिशेब घेतो. त्यात रोज सकाळी ‘बार’ लिहिलेलं असतं. विचारलं की चिडते. भारतीय मुलींबरोबर राहा म्हटलं तर ऐकत नाही, दोन स्पॅनिश मुलींबरोबरच राहते. परवा म्हणाली, ‘बाबा, नऊचा फोन नको, तेव्हा आम्ही जेवणाच्या टेबलावर असतो.’ तिथे तेव्हा दुपारचे साडेचार वाजलेले असतात. साडेचारला कोण जेवतं? तिला परत बोलवावं का? आल्यावर स्पर्धा परीक्षेला बसवावं की एमबीए करावं?
– एक पालक, जि. सोलापूर

उत्तर : तुम्ही मार्कांबद्दल विचारलंय, पण मी आधी फोनबद्दल बोलणार आहे. पत्र वाचताना मला काळजी वाटली ती त्या ४.३ची नाही, रात्री नऊच्या कॉलची.

साडेचारला कोण जेवतं, तर स्पेन जेवतं. म्हणजे जेवण दोन-तीनच्या सुमारास सुरू होतं आणि ताटं रिकामी झाली तरी कोणी उठत नाही. फळं येतात, कॉफी येते, गप्पा चालू राहतात. या जेवणानंतरच्या बसण्याला तिथे ‘सोब्रेमेसा’ असा खास शब्द आहे. घरमालकीण भाडं का वाढवतेय, कुणाचं कुणाशी जुळलं, निवडणुकीत काय होणार, सगळं त्या टेबलावर. तुमच्या मुलीला जी भाषा शिकायची आहे ती वर्गापेक्षा जास्त तिथे बोलली जाते. आणि नेमकं त्याच वेळी तिचा फोन वाजतो. ती उठते, खोलीत जाते, दार लावते आणि मराठीत कॉफीचा हिशेब देते. सप्टेंबरपासून रोज! दोन बहारांचा पैसा घालून तुम्ही तिला ज्या टेबलापर्यंत पोचवलंत, तिथून तुम्हीच तिला उठवताय.

आता त्या ‘बार’बद्दल. बिचारीने प्रामाणिकपणे लिहिलं आणि पकडली गेली. स्पेनमधला बार म्हणजे हायवेवरचा परमिट रूम नव्हे. सकाळी तिथे शाळेत पोरं सोडून आलेल्या आया असतात, पेपर वाचणारे आजोबा असतात, नळदुरुस्तीवाला असतो. भाजलेल्या पावावर किसलेला टोमॅटो, वरून ऑलिव्ह तेलाची धार, बाजूला दुधाची कॉफी. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या अमृततुल्यला जे स्थान आहे ते तिथे बारला. संध्याकाळी तिथेच वाइनही मिळते, हे खरं आहे. ते तुमच्यापासून लपवत नाही. पण तुमची मुलगी ‘बार’ लिहितेय तो सकाळच्या खर्चात. लपवायचं असतं तर तिने ‘नाश्ता’ लिहिलं असतं. यापुढे बहुधा तेच लिहील. रोजच्या झडतीतून मुलं काटकसर शिकत नाहीत, खर्चाला दुसरं नाव द्यायला शिकतात. आणि हिशेब तसाही आधीच झालाय : विद्यार्थी व्हिसासाठी दरमहा ६०० युरोंच्या आसपास खर्चाची तजवीज तुम्ही कागदावर दाखवलीत, म्हणूनच ती तिथे पोचली. महिन्याची रक्कम ठरवून द्या. ती कशी पुरवायची हे तिचं तिला बघू द्या.

भारतीय मुलींबरोबर राहण्याचा आग्रह तर पूर्ण सोडा. इथे ती बरोबर आहे आणि तुम्ही चूक आहात. संध्याकाळी खोलीवर येऊन हिंदीत बोलायचं असेल तर त्यासाठी पुणं काय वाईट होतं?

आता मार्क. ६.२ म्हणजे ६२ टक्के आणि ६२ टक्के म्हणजे घसरली, असं गणित तुम्ही केलंय. बरेच पालक करतात. स्पेनमध्ये दहापैकी मार्क देतात, पण ते दहाने गुणून आपल्या गुणपत्रिकेत बसवता येत नाहीत. ५ ते ६.९ म्हणजे उत्तीर्ण. ७ ते ८.९ला ‘नोताब्ले’ म्हणतात, म्हणजे उल्लेखनीय. ९च्या पुढे ‘सोब्रेसालिएंते’, आणि त्याच्याही वरचा मान असतो तो एका विषयाला नाव नोंदवलेल्यांपैकी जास्तीत जास्त ५ टक्के मुलांना देता येतो. परक्या भाषेत, तिथल्याच मुलांच्या वर्गात बसून, पहिल्याच सत्रात तुमच्या मुलीने एक ‘उल्लेखनीय’ मिळवलाय. पत्रात तो ७.१ तुम्ही नापासाच्या शेजारी ठेवून पुढे निघून गेलात. मात्र एक खरी काळजी आहे, आणि ती तुम्ही केलेली दिसत नाही : पुण्याचं कॉलेज हे मार्क कसे धरणार? तिथेही कुणी सरळ दहाने गुणलं तर मुलीचं नुकसान आहे. रूपांतराचा तक्ता कॉलेजकडून लेखी घ्यायला तिला सांगा, आणि तो आत्ताच घ्यायचा, जूनमध्ये परत आल्यावर नाही.

राहिला ४.३. पुस्तकातून स्पॅनिश शिकलेली मुलगी अंदालुसियात, म्हणजे ग्रानादा ज्या दक्षिणेकडच्या प्रांतात आहे तिथे, उतरली की पहिले काही महिने तिचे कान तिला दगा देतात. पुस्तकात ‘मास ओ मेनोस’, म्हणजे कमी-जास्त. ग्रानादात ऐकू येतं ‘मा ओ मेनो’. शब्दाच्या शेवटचा ‘स’ ही मंडळी गिळतात. अनेकवचन आहे की एकवचन, हे पुष्कळदा नुसत्या स्वराच्या उघडेपणावरून ओळखायचं. मासळीचं ‘पेस्कादो’ तोंडातून निघेपर्यंत ‘पेह्काओ’ झालेलं असतं. पाठ्यपुस्तकातून ‘तू काय करत आहेस’ शिकलेल्या परदेशी पोराला सोलापूरच्या बाजारात उभं करा आणि कुणीतरी ‘काय करायलास?’ विचारू द्या. तो मठ्ठ नसतो, त्याला वेळ लागतो. ग्रानादा विद्यापीठ १५३१ सालचं आहे आणि युरोपातल्या देवाणघेवाणीतून सर्वांत जास्त परदेशी विद्यार्थी येतात अशा विद्यापीठांत त्याची गणना होते. अशा मुलांचे असे मार्क तिथल्या प्राध्यापकांना नवे नाहीत. नापास विषयाला त्याच वर्षात दुसरी संधी असते.

परत बोलवू नका. अपवाद एकच : ती जेवत नसेल, झोपत नसेल, आठवडेच्या आठवडे वर्गात जात नसेल, तर ती गोष्ट वेगळी आणि तेव्हा मार्कांचं नावही काढू नका. पण जी मुलगी मैत्रिणींबरोबर टेबलावर बसायला मिळावं म्हणून बापाशी वाद घालते, ती खचलेली नाही. मला तरी ती रुळलेली वाटते.

स्पर्धा परीक्षा की एमबीए, हे आज ठरवायची गरज नाही, आणि ठरवायचं तेव्हा पत्र तिने लिहावं. उन्हाळ्यापर्यंत ‘देले’ या स्पॅनिश भाषेच्या परीक्षेची बी-टू, म्हणजे मध्यमाच्या वरची पातळी गाठली तर उत्तम. ते प्रमाणपत्र कायम चालतं. स्पॅनिशमध्येच पुढे जायचं असेल तर दिल्लीचं जेएनयू आहे आणि हैदराबादचं इफ्लू हे भाषांचं विद्यापीठ आहे. नुसत्या भाषेवर नोकरी मिळेल अशी खात्री मी देणार नाही. भाषेला काहीतरी जोड लागते : निर्यात, कायदा, यंत्रं, औषधं. स्पॅनिश वीस देशांची राजभाषा आहे. चाकणच्या कारखान्यांत स्पॅनिश मालकीच्या कंपन्या आहेत, आणि बजाजच्या मोटारसायकली कोलंबियाच्या रस्त्यांवर धावतात.

आणि शेती! पत्रात डाळिंबाचा उल्लेख तुम्ही फक्त खर्च सांगण्यासाठी केलाय. स्पॅनिशमध्ये ‘ग्रानादा’ म्हणजेच डाळिंब, हे मुलीने सांगितलं का तुम्हाला? शहराच्या चिन्हावरही तेच फळ आहे. स्पेनमध्ये डाळिंबाची मोठी शेती आलिकांते प्रांतात, एल्चे गावाच्या परिसरात होते. तिथला ‘मोयार’ वाण गोड आणि मऊ बियांचा, शरद ऋतूत काढणीला येतो. तुमच्याकडच्या ‘भगवा’ वाणाला युरोपच्या बाजारात जी फळं भेटतात त्यांत हाही आहे. तिथले बागायतदार छाटणी कशी करतात, पाणी किती देतात, फळ तडकू नये म्हणून काय करतात, हे सगळं स्पॅनिशमध्ये लिहिलेलं आहे आणि ते वाचू शकणारं माणूस तुमच्या घरात आहे. आजवर तुम्ही तिला फक्त तुम्हाला ठाऊक असलेल्या गोष्टी विचारत आलात. एकदा ठाऊक नसलेली विचारून बघा.

तर रोजचा कॉल बंद. रविवारी एक, तोही तिच्या सोयीने. वेळ तिला ठरवू द्या. मार्चच्या शेवटच्या रविवारी तिथली घड्याळं एक तास पुढे जातात, तेव्हा पुन्हा विचारून घ्या. त्या फोनवर एल्चेच्या बागांबद्दल बोला, टोस्टवर आज काय होतं ते विचारा. फेरपरीक्षेची तारीख मात्र विचारू नका. ती तिला पाठ आहे.