"आई, पुढच्या स्टेशनवर उतरूया"

"गर्दीच्या गाडीत जीव घाबरा होतो, आता आपण मरणार असं वाटतं. हे हृदयाचं दुखणं की मनाचं?" मोठ्या शहरात पाहुणे म्हणून आलेली माणसं हा प्रश्न घेऊन समुपदेशक म्हणून माझ्याकडे नेहमी येतात. लेकीकडे दोन महिन्यांसाठी आलेल्या एका बाईंचा अनुभव त्यांच्या परवानगीने सांगते; ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

बाई निवृत्त शिक्षिका, साठ-साठ मुलांचा वर्ग सांभाळलेल्या. संध्याकाळी लेकीबरोबर मेट्रोत चढल्या. दर स्टेशनावर माणसं चढतच राहिली. कुणाची तरी सॅक छातीला टेकलेली, मान वळवायलाही जागा नाही. छाती धडधडू लागली, दरदरून घाम फुटला, बोटांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. "आई, पुढच्या स्टेशनवर उतरूया," म्हणत लेकीने हाताला धरून बाहेर काढलं. फलाटावरच्या बाकावर टेकल्यावर थोड्याच वेळात सगळं ओसरलं. असं आणखी दोनदा झालं आणि बाईंनी घराबाहेर पडणंच सोडलं.

माझ्यासमोर बसल्या तेव्हाही पर्सचा पट्टा मुठीत इतका आवळलेला होता की तळहातावर वळ उठला होता.

मी आधी विचारलं, गर्दीत कुणी मुद्दाम अंगाला हात लावला का? हा प्रश्न मी कधीच गाळत नाही. तसं घडलं असेल तर त्या बाईची भीती घालवत बसायचं नसतं, तिच्या बाजूने उभं राहायचं असतं. तसं काही झालं नव्हतं. मग त्यांना डॉक्टरांकडे पाठवलं. छातीतली धडधड मनाचीच आहे हे समुपदेशकाने परस्पर ठरवू नये. तपासणी झाली, ईसीजी नॉर्मल आला, तेव्हा पुढचं बोलणं सुरू झालं.

भीतीने श्वास भराभर चालतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटांना मुंग्या येतात, डोकं हलकं होतं. मग "मला काहीतरी होतंय" ही भीती वाढते, श्वास आणखी भरभर चालतो. हे चक्र मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी १९८६ मध्ये मांडलं. डॉक्टरांना विचारून मी बाईंना खुर्चीतच मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला. बोटांना तशाच मुंग्या आल्या. त्या हाताकडे बघतच राहिल्या. "अगदी हेच! पण इथे तर गर्दी नाही."

दुसरं दुखणं त्यांनी बऱ्याच उशिरा सांगितलं. "डब्यात एकानेही माझ्याकडे पाहिलं नाही हो. मी मेले असते तरी पाहिलं नसतं." मला वाटतं, गर्दीपेक्षा हेच त्यांना जास्त लागलं होतं. एडवर्ड हॉल या मानववंशशास्त्रज्ञांनी अमेरिकी लोकांची निरीक्षणं करून सांगितलं होतं की सुमारे ४५ सेंटिमीटरच्या आत माणूस फक्त अगदी जवळच्यांना येऊ देतो. भरलेल्या डब्यात तेवढ्या अंतरात चारी बाजूंनी परकी माणसं असतात. अंग बाजूला घेता येत नाही, म्हणून माणसं नजर बाजूला घेतात. रोजच्या प्रवाशाने मोबाइलमध्ये घातलेलं डोकं ही बहुतेक वेळा शेजाऱ्याला दिलेली जागाच असते. मदत मागितली तर तीच माणसं मान वर करतात. पण मागावी लागते.

आता लेकीबद्दल. तिने मायेनेच आईला उतरवलं, पण दर वेळी भीती शिगेला असताना उतरल्यामुळे आईच्या मनाने हेच घेतलं की उतरले म्हणून वाचले. भीतीचा असा झटका बहुधा काही मिनिटांत शिगेला पोचतो आणि मग आपोआप उतरू लागतो. हे अनुभवायला गाडीतच थांबावं लागतं. म्हणून आम्ही दुपारच्या रिकाम्या गाडीपासून सुरुवात केली. आधी एक स्टेशन, मग तीन, मग थोडी गर्दी. श्वास सोडताना लांब सोडायचा, पाय टेकलेले जाणवू द्यायचे. लेकीला काम एकच दिलं: दर दोन मिनिटांनी "बरं वाटतंय ना?" विचारायचं नाही. ते तिला फार जड गेलं.

पाय ठेवायलाही जागा नसेल तर मात्र ती गाडी सोडून द्यायची. खऱ्या रेटारेटीत माणसं चिरडतात. तिथली भीती योग्यच आहे, तिच्याशी भांडायचं नाही.

पाचव्या आठवड्यात त्या संध्याकाळच्या गाडीने गेल्या. पहिली गाडी सोडली, दुसरीत चढल्या. मध्येच धडधड सुरू झाली. लेकीने तोंड उघडलं आणि मिटलं. बाईंनी शेजारच्या मुलीला म्हटलं, "मला जरा तो दांडा धरू देतेस?" मुलीने कानातला इयरफोन काढला, सरकली, आणि त्यांची पर्स आपल्या हातात धरली.