गाणी कोरियन, पुस्तक बंद, पोळी-भाजी नको: मुलगी दुरावते आहे का?

पालकांचा प्रश्न साधारण असा असतो: ‘मुलगी दिवसभर कोरियन गाणी ऐकते, पुस्तक हातात धरत नाही, घरचे जेवण नको म्हणते. ती आमच्यापासून तुटत चालली आहे का?’ समुपदेशनाच्या कामात अलीकडे हा प्रश्न इतक्या घरांतून येतो, की एका कुटुंबाच्या निमित्ताने त्याचे सविस्तर उत्तर द्यावे असे वाटले. कुटुंबाच्या परवानगीने लिहीत आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर कोथरूडमधले. आई बँकेत नोकरीला, वडील चाकणच्या कारखान्यात अभियंता, मुलगी अकरावीत आणि ऐंशी ओलांडलेली आजी. वडील दर डिसेंबरला रजा टाकून सवाई गंधर्व महोत्सवाला जाणारे आणि नारायण पेठेतल्या पुणे मराठी ग्रंथालयाचे जुने सभासद. मुलगीही लहानपणी त्यांच्याबरोबर महोत्सवाला जात असे आणि ‘किशोर’चा अंक घरी आला की तोच घेऊन बसत असे. दोन वर्षांपूर्वी ती बीटीएस या कोरियन गायकगटाची गाणी ऐकू लागली आणि तेव्हापासून घरात रोज संध्याकाळी वाद होऊ लागले. वडिलांनी पहिल्याच भेटीत सांगितले, ‘मॅडम, ते संगीतच नाही.’

अशा वेळी मी आधी आवडीनिवडी बाजूला ठेवते आणि खरोखर काळजीचे काही आहे का ते पाहते. झोप उडाली आहे का, मैत्रिणी तुटल्या आहेत का, पूर्वी आवडणाऱ्या सगळ्याच गोष्टींतून मन उठले आहे का, जगण्याचा कंटाळा आल्याची भाषा कानावर येते का, हे विचारते. जेवणाविषयी मी विशेष खोदून विचारले, कारण पडद्यावरच्या सडपातळ कलाकारांकडे पाहून जेवण टाळणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत आणि तसे असेल तर समुपदेशनाच्या जोडीला डॉक्टरांची मदत तातडीने घ्यावी लागते. मुलीशी एकटीशी बोलल्यावर कळले, की ती व्यवस्थित जेवत होती. तिला पोळी-भाजी नको नव्हती. जेवताना होणारी चौकशी नको होती. म्हणून ती रात्री अकराला, स्वयंपाकघर रिकामे झाल्यावर, पाकिटातले नूडल्स करून खात असे. (पाकिटातल्या मिठाबद्दलची आईची तक्रार मात्र रास्त होती. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते आणि त्यातला मोठा वाटा अशा एका पाकिटातच संपतो.)

वाचनाबाबतही चित्र वेगळे निघाले. ती गाण्यांची दोन-तीन इंग्रजी भाषांतरे शेजारी ठेवून ताडून पाहत होती, कोरियन लिपी शिकली होती आणि फोनवर इंग्रजी कादंबऱ्या व चित्रकथा वाचत होती. पुस्तकाचे मुखपृष्ठ दुरून दिसते, फोनचे दिसत नाही. त्यामुळे आईच्या हिशेबी ते वाचन नव्हतेच. सगळे वाचन सारखेच असते, असे मी म्हणणार नाही. सलग गद्य वाचण्याची बैठक चित्रकथांनी घडत नाही, हे मी मुलीलाही सांगितले. पण ‘ती वाचत नाही’ हे विधान चूक होते आणि चुकीच्या विधानावर उभा राहिलेला उपदेश मुले मनावर घेत नाहीत.

त्यानंतर आई-वडिलांना एक काम दिले. गाणी, खाणे आणि पुस्तके या विषयांवर मुलीशी आपण जी वाक्ये बोलतो ती काही दिवस जशीच्या तशी लिहून काढायची. कागदावर आले ते असे: ‘भाषा तरी कळते का?’ ‘हे काय खातेस?’ ‘तुझ्या वयात आम्ही काय वाचायचो माहीत आहे का?’ जवळजवळ प्रत्येक वाक्य प्रश्नार्थक होते आणि एकाही प्रश्नाला उत्तर नको होते. निकाल आधीच लागलेला होता आणि तो गाण्याविरुद्ध नव्हता, गाणे ऐकणारीविरुद्ध होता. सोळा-सतराव्या वर्षी आवडते गाणे म्हणजे मैत्रिणींत मिळालेली जागा असते आणि घरापेक्षा वेगळे असे स्वतःचे काहीतरी असते. त्याला गोंगाट म्हटले, की ते मुलीला स्वतःबद्दलचेच मत वाटते. शिवाय माणसाला साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी पुढे सर्वांत जास्त येत राहतात, असे स्मृतीचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ सांगतात. त्या वयातली गाणीही आयुष्यभर सोबत राहतात. वडिलांना त्यांच्या आवडत्या मैफली आठवायला सांगितल्या, तेव्हा त्या बहुतेक त्यांच्या महाविद्यालयीन काळातल्याच निघाल्या.

पुढच्या भेटीला आजी आल्या आणि त्यांनी रेडिओ सिलोन या श्रीलंकेतल्या नभोवाणी केंद्राची गोष्ट सांगितली. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. लोक सिलोनकडे वळले आणि बुधवारी संध्याकाळी तिथले निवेदक अमीन सयानी यांच्या आवाजाची वाट पाहू लागले. सदाशिव पेठेतल्या वाड्यात आजींचे वडील ‘असलं नाचगाणं आपल्या घरात नको’ म्हणून रेडिओ बंद करत, म्हणून आजी शेजारच्या बिऱ्हाडात जाऊन बसत. १९५७ च्या ऑक्टोबरात आकाशवाणीनेच विविध भारती सुरू केली, तेव्हा वडिलांचा नाइलाज झाला. नात हे ऐकून आजींना प्रश्नामागून प्रश्न विचारू लागली. वडिलांवर मात्र या गोष्टीचा परिणाम झाला नाही. ते म्हणाले, ‘केसकरांचं सगळंच चुकलं असं नाही, आई. संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम त्यांच्याच काळात सुरू झाला.’ हे खरेच आहे आणि हा मुद्दा त्यांनी मांडला याचे मला बरे वाटले, कारण त्या घरात संगीताबद्दल प्रथमच कोणी कारण देऊन बोलत होते.

मग मुलीने विचारले, ‘भाषा कळत नसताना गाणं कसं आवडतं म्हणता ना बाबा, मग तराण्याचा अर्थ काय असतो?’ वडील या प्रश्नाला चिडले नाहीत. ‘तोम् तनन’सारख्या अक्षरांना कोशातला अर्थ नसला तरी लयीत त्यांचे काम काय असते, हे त्यांनी बराच वेळ समजावले आणि तिने ऐकले. तिच्या आवडत्या गाण्यात मधेच लय बदलते ती जागा तिने त्यांना ऐकवली. त्यांना ती आवडली नाही आणि त्यांनी तसे सांगितले; पण आवाजावर यंत्राचा थर फार आहे, असे कारणही दिले. मुलीला त्याचे वाईट वाटले नाही. नंतर ती मला म्हणाली, ‘बाबांनी उगाच छान म्हटलं असतं तर मला जास्त लागलं असतं.’ पालकांनी मुलांच्या आवडीचे खोटे कौतुक करावे, असा सल्ला हल्ली सर्रास दिला जातो. तो मला पटत नाही. नावड जरूर सांगावी, फक्त ती ऐकलेल्या गाण्याबद्दल असावी.

घरासाठी आम्ही एकच नियम ठरवला: जो स्वयंपाक करेल तो गाणी लावेल. त्यामुळे मुलगी शनिवारी संध्याकाळी ओट्यापाशी येऊ लागली. तिने किमची घालायचे ठरवले, तेव्हा कोबीला मीठ लावून पाणी सुटू द्यायचे आणि आंबायला वेळ द्यायचा, हे आजींना सांगावे लागले नाही. त्यांनी आयुष्यभर लोणची घातली होती. पण फ्रीज उघडला की वास सुटू लागला आणि आईचा पारा चढला. शेवटी किमचीला घट्ट झाकणाची बरणी आणि फ्रीजमधला खालचा कप्पा मिळाला.

गाणी बंद करावीत का, याचे माझे उत्तर ‘नाही’ असेच आहे. मर्यादा मात्र घालाव्यात आणि त्या आरोग्याच्या असाव्यात. इयरफोनचा आवाज मोठ्या माणसांसाठीही सरासरी ८० डेसिबल आणि आठवड्याला ४० तास यापुढे जाऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. मुलांसाठी ही मर्यादा ७५ डेसिबलची आहे. रात्री फोन दिवाणखान्यात ठेवायचा आणि जेवताना पडदा नको, हेही ठरले. त्यावर मुलीने जेवणाच्या वेळी चालणाऱ्या बाबांच्या बातम्यांकडे बोट दाखवले आणि वडिलांना टीव्ही बंद करावा लागला.

मुलगी अजून मराठी कादंबरी वाचत नाही. वडील तिच्यासाठी ग्रंथालयातून पुस्तके आणतात, ती चाळून परत करते; एखादे आवडले नाही तर का आवडले नाही ते सांगते आणि पुढचे पुस्तक आणताना वडील ते ध्यानात ठेवतात. अलीकडे ती आईबरोबर पुन्हा माझ्याकडे आली होती, पण बारावीनंतर कोणती शाखा घ्यावी यावरून त्यांचे पटत नव्हते म्हणून.