फॉरमॅट मारण्याआधी लायसन्स सोडव

अरे, नवीन मशीन घेतोयस ते चांगलंच. पण जुनं फॉरमॅट मारण्याआधी प्रत्येक सॉफ्टवेअरचं लायसन्स डीॲक्टिव्हेट कर, म्हणजे ते जुन्या मशीनवरून सुटेल.

एका फेब्रुवारीत पिंपळगावच्या बागायतदाराचं द्राक्षपेटीचं लेबल अर्धवट असताना माझी हार्ड डिस्क गेली. नव्या मशीनवर एकच ओळ: ‘ॲक्टिव्हेशनची मर्यादा संपली’, कारण गेलेल्या डिस्कवरचं लायसन्स सोडवलेलंच नव्हतं. पैसे पूर्ण भरलेले, तरी दोन दिवस बिलाचे फोटो ईमेल करत बसलो. तिकडे माल पॅकहाऊसमध्ये पडून. तो राग अजून गेलेला नाही.

ॲडोबीचं (फोटोशॉप, इलस्ट्रेटर बनवणारी कंपनी) वैयक्तिक लायसन्स दोन मशीनवर ॲक्टिव्ह राहतं, वापर मात्र एका वेळी एकाच.

क्रॅकचा, म्हणजे लायसन्स तोडलेल्या चोरीच्या सॉफ्टवेअरचा, पेनड्राइव्ह कुणी दिला तरी लावू नकोस. फायनल लेबल एसव्हीजी (चित्राचा एक फाइल प्रकार) आणि पीडीएफमध्येही ठेव. इंकस्केप हे डिझाइनचं सॉफ्टवेअर फुकट आहे, अडलं तर त्यात उघडेल.